चढाची वाट

आफ्रिका खंडाच्या पूर्व भागात इथिओपिया नावाचा एक डोंगराळ देश आहे. त्याच्या मध्यभागी उंच पठार पसरलेले असून त्यावर शेते, कुरणे आणि खोल दऱ्या आहेत. या पठारावरील जातो नावाच्या खेड्यात ७ ऑगस्ट १९३२ रोजी अबेबे बिकिला याचा जन्म झाला. योगायोग असा, की त्याच दिवशी अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरी ऑलिंपिक सामन्यांतील मॅरेथॉन शर्यत धावली गेली. गुरे राखणाऱ्या त्या गरीब कुटुंबाला त्या शर्यतीची वार्ता असण्याचे काही कारण नव्हते.

अबेबेचे बालपण धामधुमीच्या काळात गेले. तो तीन वर्षांचा असताना, १९३५ साली, इटलीने त्याच्या देशावर स्वारी केली आणि पुढच्याच वर्षी राजधानी अदिस अबाबा जिंकून घेतली. १९४१ साली देश पुन्हा स्वतंत्र झाला. अबेबे इतर गुराखी मुलांप्रमाणे डोंगरउतारांवर जनावरांमागे हिंडत असे. काठीने चेंडू टोलवण्याचा गेना नावाचा खेळ त्याच्या विशेष आवडीचा होता. पुढे तरुणपणी तो राजधानीत आला आणि सम्राट हायले सेलासी यांच्या शाही रक्षकदलात शिपाई म्हणून भरती झाला.

तेथे त्याच्या आयुष्याला नवे वळण मिळाले. ओन्नी निस्कानेन नावाचे स्वीडनचे एक गृहस्थ त्या वेळी इथिओपियात शारीरिक शिक्षणाचे काम करीत होते. सडपातळ बांध्याच्या, मितभाषी अबेबेतील गुण त्यांनी ओळखले आणि त्याला लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी शिकवावयास आरंभ केला. उत्तम मैदाने आणि महागडी साधने त्यांच्यापाशी नव्हती. होते ते राजधानीभोवतीचे डोंगर. तेच अबेबेची व्यायामशाळा ठरले.

राजधानीच्या उत्तरेस एन्टोटोचे उंच डोंगर आहेत आणि त्यांपलीकडे सुलुल्ता हा भाग लागतो. रक्षकदलात असताना अबेबे सुलुल्ताच्या टेकड्या आणि राजधानी यांच्यामध्ये दररोज सुमारे वीस किलोमीटर धावत असे. आज ज्या शर्यतीला अर्ध-मॅरेथॉन म्हणतात, तिची लांबी २१ किलोमीटरांहून थोडी अधिक असते. म्हणजे जवळजवळ तेवढा पल्ला हा शिपाई रोज, आणि तोही चढउताराच्या वाटेने, तोडीत होता.

त्या प्रदेशाच्या उंचीची कल्पना तुलनेने येईल. नागपूरजवळच्या खापरखेड्याची जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंच आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई हे १६४६ मीटर उंचीचे आहे. अदिस अबाबा हे शहरच मुळी सुमारे २४०० मीटर उंचीवर वसलेले आहे, आणि अबेबेच्या वाटा त्याहूनही वर जात होत्या. इतक्या उंचीवर हवा विरळ असते. प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायू कमी पडतो, म्हणून अशा ठिकाणी दीर्घकाळ राहणाऱ्या माणसाच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशी वाढतात. चढ चढताना मांड्या, पोटऱ्या आणि हृदय यांना कष्ट पडून ती बळकट होतात. उतारावर पावलाला तोल सावरण्याची सवय लागते. असा सराव असलेल्या धावपटूला सपाट रस्ता सोपा वाटू लागतो. सपाट मुलखात राहणारे धावपटूही याच कारणासाठी एखादी टेकडी किंवा नदीकाठचा चढ शोधून काढतात.

१९६० साली रोम शहरी ऑलिंपिक सामने भरले. मॅरेथॉन शर्यत १० सप्टेंबर रोजी होती. नवे जोडे पायांना नीट बसेनात, तेव्हा अबेबेने अनवाणी धावण्याचे ठरविले. जोड्यांशिवाय धावण्याचा सराव त्याला होताच. प्रेक्षकांना मात्र त्याचे नवल वाटले. भारतातील लोकांना हे दृश्य इतके नवे नव्हते. त्यापूर्वी चाळीस वर्षांच्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत खेड्यांतील शेतकरी अनवाणी धावले होते. त्यांची धाव पाहूनच सर दोराबजी टाटा यांनी १९२० साली भारतीय खेळाडूंना अँटवर्पच्या ऑलिंपिकला पाठविण्याची खटपट केली, आणि बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी तेथील मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे स्थान मिळविले होते.

रोमची शर्यत संध्याकाळी सुरू झाली. अंधार पडल्यावर मार्गावर मशाली धरून सैनिक उभे राहिले. मोरोक्कोचा राडी बेन अब्देस्सेलाम आणि अबेबे हे दोघेच इतरांना मागे टाकून खांद्याला खांदा लावून धावू लागले. कोणीच कोणाला हटेना.

शर्यतीच्या काही दिवस आधी निस्कानेन आणि अबेबे यांनी सारा मार्ग डोळ्यांखालून घातला होता. शेवटचे सुमारे दीड किलोमीटर अंतर उरते तेथे रस्त्यालगत एक उंच, कोरीव दगडी स्तंभ त्यांना दिसला. तो स्तंभ इथिओपियातील अक्सूम या प्राचीन नगरीचा होता. स्वारीच्या काळात इटलीच्या सैन्याने तो आपल्या देशी नेऊन १९३७ साली रोममध्ये उभा केला होता. त्या ठिकाणी रस्त्याला हलकासा चढही होता. जेथे दमलेल्या धावपटूची गती मंदावते, तेथेच आपली गती वाढवावयाची, असा बेत दोघांनी केला.

स्तंभ जवळ आला आणि अबेबेने वेग वाढविला. जन्मापासून ज्याने डोंगर तुडविले, त्याला त्या चढाचे काय वाटणार! राडी मागे पडला. कॉन्स्टंटाइनच्या पुरातन कमानीपाशी अबेबेने २ तास १५ मिनिटे १६.२ सेकंदांत शर्यत पूर्ण केली. त्याच्यानंतर सुमारे पंचवीस सेकंदांनी राडी पोहोचला. ज्या देशाच्या सैन्याने आपली राजधानी एकदा बळकावली होती, त्याच देशाच्या राजधानीत एका साध्या शिपायाने शस्त्र न उचलता विजय मिळविला. सुवर्णपदक मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी धावपटू ठरला. त्याने पाहिलेला तो स्तंभ पुढे २००५ साली इथिओपियाला परत मिळाला.

चार वर्षांनी, १९६४ साली, टोकियोचे ऑलिंपिक आले. शर्यतीला जेमतेम पाच आठवडे उरले असताना अबेबेच्या आंत्रपुच्छावर, म्हणजे अपेंडिक्सवर, शस्त्रक्रिया करावी लागली. तो धावू शकेल अशी आशा फार थोड्यांना होती. तरीही २१ ऑक्टोबर रोजी, या वेळी पायांत जोडे घालून, तो धावला आणि २ तास १२ मिनिटे ११.२ सेकंदांत सर्वांच्या आधी मैदानात आला. दुसरा धावपटू येईपर्यंत चार मिनिटांहून अधिक वेळ गेला. तेवढ्या अवधीत अबेबे हिरवळीवर स्वस्थपणे व्यायाम करीत होता. ऑलिंपिकमधील मॅरेथॉन दोनदा जिंकणारा तो जगातील पहिला पुरुष होय.

यश सदाच सोबत करीत नाही. १९६८ साली मेक्सिको शहरी अबेबे दुखावलेल्या पायाने धावावयास उभा राहिला. परंतु सुमारे सतरा किलोमीटरांनंतर त्याला शर्यत सोडावी लागली. ती शर्यत त्याचाच देशबांधव मामो वोल्डे याने जिंकली.

त्याहून मोठा घाला पुढेच होता. मार्च १९६९ मध्ये एका रात्री त्याची मोटार उलटली. मणक्याला जबर इजा झाली आणि अबेबेचे पाय कायमचे लुळे पडले. ज्या पायांनी डोंगर ओलांडले, ते आता एक पाऊलही टाकू शकत नव्हते. त्याला इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात नेण्यात आले. कित्येक महिन्यांच्या उपचारांनी त्याच्या हातांत पुन्हा बळ आले.

हा चढ अबेबेने निवडलेला नव्हता. परंतु चढ समोर आला म्हणजे थांबावयाचे नाही, ही सवय त्याच्या हाडीमांसी खिळलेली होती. चाकांच्या खुर्चीत बसून तो तिरंदाजी शिकला, टेबल टेनिस खेळू लागला आणि अपंगांच्या सामन्यांत उतरला. १९७१ साली नॉर्वे देशात बर्फावरून घसरगाडी हाकण्याची शर्यत होती. जन्मभर उन्हाच्या देशात राहिलेल्या अबेबेने तीही जिंकली.

२५ ऑक्टोबर १९७३ रोजी, वयाच्या अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी, मेंदूतील रक्तस्रावाने त्याचे निधन झाले. राजधानीत सरकारी इतमामाने त्याला निरोप देण्यात आला. त्या वेळी सम्राटांपासून सामान्य माणसापर्यंत हजारो लोक जमले होते.

अबेबेनंतर इथिओपियातून आणि शेजारच्या केनियातून एकाहून एक सरस धावपटू निपजले. एन्टोटोच्या वाटांवर आजही पहाटेच्या धुक्यात तरुण मुले-मुली धावताना दिसतात. वाट तीच आहे, चढही तोच आहे. पायांनी तो चढावयास अबेबेने त्यांना शिकविले. आणि पाय गेल्यावरही मनाने तो चढता येतो, हे त्याने स्वतःच्या जीवनाने दाखविले.