तानाजी, दोन मावळे आणि एक माळ

गंगाखेडात राहून कडे चढण्याबद्दल लिहायचं म्हणजे जरा गंमतच. इथे गोदाकाठची काळी माती, सपाट रान आणि दक्षिणेला बालाघाटाचे बुटके डोंगर. त्यांच्यावर जायला दोर सोडाच, बूटही लागत नाहीत. पण हॉस्टेलवर रात्री जेवणं झाली की जे वाद रंगतात, त्यातला एक कायमचा असतो : तानाजीची घोरपड खरी की खोटी? सबमिशन बाजूला पडतं आणि दोन पार्ट्या होतात. मी खोटी म्हणणाऱ्यांच्या पार्टीत आहे. कारण घोरपड खरी मानली की माणसाचं श्रेय जनावराला जातं.

तानाजी मालुसरे जावळी भागातला. पाचगणीजवळचं गोडवली हे त्याचं जन्मगाव मानतात आणि पोलादपूरजवळचं उमरठ हे राहतं गाव. म्हणजे सह्याद्रीच्या ऐन धारेवरचा माणूस. कडा, घळ, निसरडं गवत हे त्याचं रोजचंच. आपण त्याला फक्त एका रात्रीसाठी ओळखतो, पण त्याआधीची एक हकिकत मला फार आवडते. १६६१ साली शिवाजी महाराजांनी त्याला पिलाजी नीळकंठराव यांच्याबरोबर संगमेश्वरला ठेवलं होतं. शृंगारपूरच्या सुर्व्यांनी रात्रीच हल्ला केला. पिलाजी घाबरून पळायला निघाले, तर तानाजीने त्यांना धरलं, दोराने चक्क एका दगडाला बांधून टाकलं आणि स्वतः लढून हल्ला परतवला. परमानंदाच्या शिवभारतात हे आलंय. रात्र, दगड आणि दोर या तिन्ही गोष्टी पुढे नऊ वर्षांनी पुन्हा त्याच्या वाट्याला आल्या.

१६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले मुघलांकडे गेले, त्यात कोंढाणा होता. १६७० मध्ये ते परत घ्यायचं ठरलं तेव्हा गडावर उदेभान राठोड हा राजपूत किल्लेदार होता. कोंढाणा समुद्रसपाटीपासून साधारण १३०० मीटर उंच आहे. वाटांवर पुणे दरवाजा आणि कल्याण दरवाजा, आणि बाकी बाजूंना उभे कडे. चौदाव्या शतकात मुहंमद तुघलकाने याच गडाला वेढा घातला होता, तेव्हा नाग नायकाने तो आठ महिने लढवला आणि शेवटी उपासमारीमुळे सोडला. आता आठ महिने बसायचं, की एका रात्रीत चढायचं?

आता थोडं जिऑलॉजी. कंटाळा आला तर हा पॅरा सोडा, पण परीक्षेत येतो! ग्रॅनाइटवर चढणं ही वेगळी विद्या आहे. आपल्याला ग्रॅनाइट बघायचा तर नांदेड जिल्ह्यात देगलूरकडे जावं लागतं, आणि वाळवंटाच्या बाजूचा हवा तर राजस्थानात माउंट अबूला. तिथे कलती, गोलाई आलेली अखंड पाठ असते. पकडायला काहीच नाही, सगळा भार तळव्याच्या घर्षणावर. घर्षणाचा गुणांक १ धरला तर ४५ अंशांपर्यंत पाय टिकतो, त्यापुढे गडी घसरला. सह्याद्रीचा बेसाल्ट तसा नाही. लाव्हाचे थर एकावर एक बसलेत. थराचा मधला कठीण भाग भिंतीसारखा उभा राहतो, दोन थरांच्या सांध्यात अरुंद पट्टी सुटते, तिच्यावर गवत आणि कारवी. भिंतीला भेगा असतात, त्यात बोटं जातात. म्हणजे पकड आहे, पण दगड कधी निखळेल त्याचा नेम नाही. वर काय आहे ते खालून दिसत नाही. त्यात ती ४ फेब्रुवारी १६७० ची, माघ वद्य नवमीची रात्र. नवमीचा चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो, तोवर मिट्ट काळोख.

मग चढले कसे? कृष्णाजी अनंत सभासदाने पंचवीसेक वर्षांनी, राजाराम महाराजांसाठी जिंजीला बखर लिहिली. त्यात घोरपड नाहीच! (मी कॉन्व्हेंटचा, ती जुनी मराठी वाचताना घाम फुटला, पण तीनदा तपासलं.) तानाजी पाचशे माणसं घेऊन गडाखाली गेला. त्याने त्यातले दोन चांगले मर्द मावळे निवडले आणि त्यांना आधी कडा चढायला लावलं. ते माकडासारखे वर गेले. वरून त्यांनी माळ सोडली, म्हणजे दोराची शिडी, आणि तिच्यावरून तानाजीसकट तीनशे माणूस वर आलं. आजचे गिर्यारोहक नेमकं हेच करतात. सगळ्यात तयार असलेला माणूस पुढे चढतो, दोर पक्का करतो, बाकीचे त्यावरून येतात. फरक एवढाच की त्या दोघांना पडलं तर धरणारा दोर नव्हता, आणि आवाज केला तर वर राजपूत जागे होणार होते. सभासदाने त्यांची नावं दिलेली नाहीत. यशवंती घोरपडीचं नाव मात्र पोवाड्यामुळे पोराटोरांना पाठ. घोरपड भरली तर सहा-सात किलोची. तिच्या जिवावर साठ किलोचा मावळा लटकवायचा हा हिशेब कुठल्याच व्हायवात पास होणार नाही.

सेनापती म्हणून मला तानाजीचं मोठेपण या निवडीत दिसतं. तीनशे जणांचे जीव त्याने दोघांच्या बोटांवर टाकले, आणि मग स्वतः त्याच माळेवरून वर गेला.

वर गेल्यावर मात्र गडाला जाग आली. मशाली पेटल्या, तुंबळ झालं. तानाजी आणि उदेभान समोरासमोर आले. तानाजीची ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही. त्याने डाव्या हातालाच ढाल केलं आणि लढत राहिला. दोघेही पडले. सरदार पडला की फौज मागे वळते, हे त्या काळी ठरलेलंच. पण भाऊ सूर्याजीने माणसं सावरली आणि गड घेतला. सूर्याजीने परतीचे दोर कापले ही गोष्ट नंतरची. पागेच्या झोपड्या पेटवून राजगडाला इशारा दिला, हे मात्र सभासद सांगतो. राजगडावरून महाराजांनी जाळ पाहिला आणि गड आल्याचं ओळखलं. तानाजी गेल्याचं जाळावरून कळणार नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी जासूदाने सांगितलं.

गडाला सिंहगड हे नाव तानाजीमुळे पडलं असं आपण शाळेत शिकतो, पण १६६३ च्या पत्रात ते नाव आधीच आहे. असो, त्याने काही बिघडत नाही. पुढे महिनाभरात, ८ मार्चला पुरंदरही परत आला.

तानाजीचा देह उमरठला नेला. ज्या घाटाने तो खाली कोकणात उतरवला त्याला मढे घाट म्हणतात, अशी तिकडे परंपरा आहे. आता पावसाळ्यात तिथला धबधबा बघायला पुण्याहून गर्दी होते. काही ग्रुप हार्नेस बांधून, हेल्मेट घालून, दोराने त्या धबधब्यातून खाली उतरतात.