विजेला वेटोळ्यात कोंडणारे प्राध्यापक

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला 'घसारा' हा शब्द नवा नाही. यंत्र असो की इमारत, दरसाल तिची किंमत थोडी उतरवावीच लागते. विजेचेही तसेच आहे. तारेतून वाहताना तिचा काही भाग उष्णता होऊन वाया जातो. हा घसारा नाहीसा होऊ शकतो, हे ज्यांच्या प्रयोगशाळेत प्रथम दिसले, त्या हाइके कामर्लिंग ओनेस यांची ही ओळख.

नेदरलँड्समधील ग्रोनिंगन शहरी २१ सप्टेंबर १८५३ रोजी त्यांचा जन्म झाला. वडिलांचा विटांचा कारखाना होता. ग्रोनिंगन व जर्मनीतील हायडेलबर्ग येथे शिकून १८८२ साली, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, ते लायडन विद्यापीठात प्राध्यापक झाले. प्रकृती नाजूक, पण जिद्द मोठी. नीट मोजल्यावाचून ज्ञान नाही, ही त्यांची ठाम धारणा होती.

वायू अतिशय थंड करून त्यांचे द्रव बनविण्याचे काम त्यांनी हाती घेतले. पण लायडनकरांना १८०७ साली दारूगोळ्याच्या जहाजाचा झालेला भीषण स्फोट आठवत होता. दाबाखालच्या वायूंची त्यांना धास्ती वाटली आणि १८९५ पासून तीन वर्षे हे प्रकरण परवानगीत अडकले. ओनेस खचले नाहीत. उपकरणे व काचकाम करणारे कुशल कारागीर तयार व्हावेत म्हणून १९०१ साली त्यांनी चक्क एक शाळाच काढली.

हेलियमचा द्रव तोवर कोणालाच करता आला नव्हता. हा वायू मिळणेही दुर्मिळ. येथे व्यापार विज्ञानाच्या मदतीला आला. त्यांचे बंधू ॲमस्टरडॅममधील व्यापारी माहिती कार्यालयात होते. त्यांच्यामार्फत अमेरिकेतून मोनाझाइट वाळू आली आणि तीतून हेलियम काढला गेला. १० जुलै १९०८ रोजी पहाटे सुरू झालेले काम रात्रीपर्यंत चालले. अखेर सुमारे ६० घनसेंटिमीटर द्रव हेलियम हाती आला. तापमान होते उणे २६९ अंश सेल्सिअस.

एप्रिल १९११ मध्ये या थंडीत पाऱ्याचा विद्युत्-रोध मोजताना तो एकाएकी नाहीसा झाला. हीच अतिसंवाहकता. मोजमापाचे काम गिलेस होल्स्ट या सहकाऱ्याचे होते. शोधनिबंध मात्र एकट्या ओनेसांच्या नावाने निघाला. कीर्तीच्या वाटणीत होल्स्ट मागे राहिले, हेही नमूद केले पाहिजे. १९१३ साली ओनेसांना नोबेल पारितोषिक मिळाले.

लोखंडाशिवाय प्रचंड शक्तीचे चुंबक बनवावे, हे त्यांचे स्वप्न होते. ते पुरे झाले नाही. ठराविक मर्यादेपलीकडच्या चुंबकीय क्षेत्रात शिशाच्या तारेची अतिसंवाहकताच लोपते, असे आढळले. तरी १९१४ साली त्यांनी एक नवल करून दाखविले. शिशाच्या बंद वेटोळ्यात प्रवाह निर्माण करून बाहेरचे चुंबक दूर नेले. बॅटरी नव्हती, काही नव्हते. तरी शेजारच्या होकायंत्राची सुई तासन् तास प्रवाहाची साक्ष देत राहिली.

२१ फेब्रुवारी १९२६ रोजी ओनेस निवर्तले. त्यांच्यानंतर १९३२ साली त्यांचे जुने तंत्रज्ञ खेरिट फ्लिम यांनी असा प्रवाह फिरत असलेले शिशाचे कडे द्रव हेलियममध्ये बुडवून विमानाने लंडनला नेले.

पुढे चांगले पदार्थ सापडले आणि चुंबकाचे स्वप्न साकार झाले. वेटोळ्यात वीज भरण्यासाठी आता एक युक्ती वापरतात. वेटोळ्याच्या दोन टोकांना अतिसंवाहक तारेचाच एक तुकडा जोडतात व त्यावर बारीक हीटर बसवितात. हीटर लावला की तुकड्यात रोध येतो आणि बाहेरून सोडलेली वीज त्याला टाळून वेटोळ्यात शिरते. पुरेशी वीज भरली की हीटर बंद करायचा. तुकडा गार होतो, वर्तुळ मिटते आणि पुरवठा काढून घेता येतो. इस्पितळातील एमआरआय यंत्राचे चुंबक बहुधा याच रीतीने चालते.

१९८६ नंतर पुष्कळ वरच्या तापमानातही अतिसंवाहक राहणारे पदार्थ मिळाले. परंतु जो गुण, तीच अडचण! जुन्या तारेचा तुकडा काही अंशांनी तापविला की पुरे. नवा तुकडा पुष्कळच तापवावा लागतो. त्याची झळ वेटोळ्याला लागू नये म्हणून तो वेगळा राखावा, तर तो लवकर गार होत नाही. शिवाय या पट्ट्यांवर तांब्या-चांदीचा थर असल्यामुळे तापूनही रोध कमीच भरतो. सांध्यात किंचित रोध उरला तरी प्रवाहाला पुन्हा घसारा लागतो.

म्हणून आजही संशोधक असे स्विच बनवून तुकड्याचे तापणे, निवणे आणि सांध्यांचा रोध पुन्हा पुन्हा मोजत आहेत. ओनेसांनी लायडनला घालून दिलेली शिस्त तीच होती.