मातीच्या घरांची मीरा

थोर माणसांची चरित्रे आपण बहुधा त्यांच्या सभांवरून, तुरुंगवासांवरून आणि ग्रंथांवरून वाचतो. एखाद्या व्यक्तीचे चरित्र तिने उभारलेल्या घरांवरून वाचता येईल, ही कल्पना मला पूर्वी कधी सुचली नव्हती. मीराबेन यांच्याविषयी वाचू लागले, तेव्हा मात्र त्यांच्या आयुष्याचा धागा मला त्यांच्या घरांतूनच सापडत गेला. आणि ती घरे होती मातीची! आम्हा सोलापूरकरांना ज्या मातीच्या घरांची लाज वाटू लागली आहे, तसलीच.

मीराबेनचे मूळ नाव मॅडेलिन स्लेड. त्यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८९२ रोजी इंग्लंडमध्ये झाला. वडील एडमंड स्लेड हे ब्रिटिश आरमारातले मोठे अधिकारी. मॅडेलिनचे बालपण आजोळच्या खेड्यातल्या ऐसपैस घरात, झाडांच्या आणि घोड्यांच्या संगतीत गेले. वडील हिंदुस्थानाकडच्या आरमाराचे प्रमुख असताना ती तरुणपणी मुंबईतही राहून गेली. पण त्या वेळी तिने पाहिला तो साहेबांच्या मेजवान्यांचा हिंदुस्थान. खरा देश बंगल्याच्या कुंपणाबाहेरच राहिला.

तिला वेड होते संगीताचे, त्यातही बीथोव्हनचे. त्याच ओढीने ती रोमाँ रोलाँ या फ्रेंच लेखकाकडे पोहोचली. रोलाँ यांनी तिला गांधीजींचे नाव सांगितले. १९२४ साली त्यांचे गांधीजींवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. मॅडेलिनने ते वाचले आणि तिचा निश्चय झाला. तिने बोटीचे तिकीटही काढले. पण नंतर स्वतःच विचार केला की, आपली अजून तयारी नाही. तिकीट बाजूला ठेवून तिने एक वर्ष स्वतःला घडविले. मांसाहार आणि मद्य सोडले, सूत कातायला शिकली, जमिनीवर मांडी घालून बसण्याचा सराव केला. ७ नोव्हेंबर १९२५ रोजी ती साबरमतीच्या आश्रमात दाखल झाली. गांधीजींनी तिला मीरा हे नाव दिले आणि तेव्हापासून त्या मीराबेन झाल्या.

ते एक वर्षाचे थांबणे मला फार महत्त्वाचे वाटते. घर बांधणारा माणूसही असाच थांबतो. आमच्याकडे माती खणून आणली की लगेच भिंत घालीत नाहीत. तिच्यात भुसा घालून, पाणी सोडून ती मुरत ठेवतात, तुडवतात, पुन्हा मुरू देतात. मग कुठे भेंडे पाडून उन्हात वाळवायचे. जी माती मुरली नाही, तिची भिंत पहिल्या पावसात तडकते.

आता त्यांच्या पहिल्या घराकडे येऊ. १९३४ नंतर गांधीजींचे लक्ष खेड्यांकडे वळले होते आणि त्यांचा मुक्काम वर्ध्याला होता. वर्ध्यापासून आठ किलोमीटरवर शेगाव नावाचे लहान खेडे होते. रस्ता धड नाही, पावसाळ्यात गुडघाभर चिखल, साप-विंचवांचा सुळसुळाट. मीराबेन तेथे आधी राहायला गेल्या. पाठोपाठ ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी आले. जमीन जमनालाल बजाज यांची होती. घर उभारण्याची जबाबदारी मीराबेनवर आली. गांधीजींची अट सोपी दिसे, पण पाळायला कठीण होती. सामान आसपासचे हवे, कारागीर गावचे हवेत आणि खर्च अगदी थोडा हवा. पाचशे रुपयांच्या आत घर उभे राहिले. जाड मातीच्या भिंती, लाकूड आणि बांबूचा सांगाडा आणि वर गावच्या कुंभाराची कौले. जूनच्या मध्याला भर पावसात गांधीजी वर्ध्याहून पायी चालत तेथे राहायला आले. त्या घराला आज आदी निवास म्हणतात.

एकट्याने खेड्यात राहायचे, असा गांधीजींचा मूळ बेत होता. तो काही साधला नाही. पाहता पाहता त्या एकाच खोलीत कस्तुरबा, आश्रमातले सहकारी आणि येणारे-जाणारे पाहुणे, सगळेच राहू लागले. एकेक कोपरा म्हणजे एकेकाचा संसार. जवळच मीराबेननी स्वतःसाठी एक लहान कुटी उभारली होती. तेथे त्या राहत आणि गावकऱ्यांना पिंजणे-कातणे शिकवीत. आदी निवासातली गर्दी वाढली, तेव्हा त्यांनी आपली कुटी गांधीजींना दिली. तिच्यात थोडी भर घालण्यात आली. तीच आजची बापूकुटी! जग जिला गांधीजींचे घर म्हणून ओळखते, ते मुळात मीराबेनचे घर आहे, हे वाचून मी क्षणभर थांबले. स्वतःसाठी बांधलेले घर त्यांच्या वाट्याला फार काळ आलेच नाही.

त्या घरावर त्यांच्या हाताची खूण मात्र राहिली. भिंतीच्या ओल्या गिलाव्यात त्यांनी ताडासारखी झाडे, ओम् आणि चरखा अशी उठावाची चित्रे घडविली. त्यांना रंग लागला नाही की चौकट लागली नाही. भिंतीची माती आणि चित्राची माती एकच. आपल्या खेड्यांतल्या बायाही कणगीवर, चुलीवर आणि कोनाड्याभोवती अशीच नक्षी काढत आल्या आहेत. आरमारी अधिकाऱ्याच्या मुलीने ती पाहून उचलली असेल, तर तिला शिकवणाऱ्या त्या अनाम बायांनाही आपण नमस्कार करायला हवा. पुढे बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोटाळा होऊ लागला, म्हणून १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम ठेवण्यात आले.

येथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. माझे आजोळ बार्शी तालुक्यात आहे. आजोबांचे घर पांढऱ्या मातीच्या भेंड्यांचे. खाली दगडी जोते आणि वर माळवद. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. हादरे आमच्याकडेही बसले. घर पडले नाही. पण भीतीने आजोबांनी माळवद उतरवून पत्रे घातले. त्यानंतर उन्हाळ्यातल्या दुपारी त्या घरात बसवेनासे झाले. मातीच्या घरांची महती गाणाऱ्याने किल्लारीला उत्तर दिले पाहिजे, असे माझे मामा म्हणतात आणि ते बरोबर आहे.

मला जे समजले ते असे. किल्लारीच्या परिसरात माणसे दबली ती मुख्यतः मातीत बसविलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंतींखाली आणि माळवदांच्या ओझ्याखाली. दगडांना एकमेकांत गुंतविणारे सांधे नव्हते. माळवदावर दरवर्षी गळतीसाठी नवी माती पडे, पण जुनी कोणी काढीत नसे. थरावर थर चढून छताचे वजन वाढत गेले. सेवाग्रामच्या कुटीत लाकूड-बांबूचा सांगाडा आहे आणि वर हलकी कौले आहेत. म्हणजे माती एकच, पण तिच्यावर किती भार टाकायचा आणि तिला कोणाचा आधार द्यायचा, याचा विचार वेगळा. दोष मातीवर ढकलून आपण मोकळे झालो आणि तो विचार करायचे राहूनच गेले.

दुसरा प्रश्न माझ्या आजीचा आहे. मातीचे घर एकदा बांधून संपत नाही. पावसाळ्याआधी भिंतींना लिंपण, घट बसण्याआधी पोतेरा, आठवड्याला सारवण. हे सगळे आजीने चाळीस वर्षे केले. तिच्या हातांना पडलेल्या भेगा मी पाहिल्या आहेत. शहाबादी फरशी बसली त्या दिवशी ती सर्वांत अधिक आनंदली होती. मातीच्या घराचे कौतुक करणारे पुरुष हा हिशेब सहसा मांडीत नाहीत. सेवाग्रामच्या आश्रमात मात्र झाडणे, दळणे, संडास साफ करणे ही कामे सर्वांवर वाटून दिलेली असत आणि पुरुषही त्यांतून सुटत नसत. मला वाटते, मातीचे घर टिकायचे तर ते असेच टिकेल. एकाच बाईच्या हातांवर ते उभे करणे हा अन्याय आहे.

मीराबेनच्या पुढच्या आयुष्यातही घरे येतात आणि सुटतात. १९४२ च्या ऑगस्टमध्ये त्यांना गांधीजींसोबत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध करण्यात आले. महाल खरा, पण तुरुंगच तो. तेथे १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई देसाई गेले आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गेल्या. ही दोन्ही मरणे मीराबेननी जवळून पाहिली. सुटकेनंतर त्या उत्तरेकडे वळल्या. रुरकीजवळ किसान आश्रम, मग हृषीकेशजवळ पशुलोक, मग १९५२ च्या सुमारास टेहरीकडच्या भिलंगना खोऱ्यात गोपाळ आश्रम. प्रत्येक ठिकाणी पुन्हा नवी जमीन, नवी माणसे आणि नवी भिंत. गांधीजींची हत्या झाली तेव्हा त्या हृषीकेशकडे होत्या आणि अंत्यदर्शनासाठी दिल्लीला न जाता आपल्या कामाच्या जागीच राहिल्या.

हिमालयात त्यांनी आणखी एक गोष्ट ओळखली. बांज नावाची ओकची झाडे कमी होऊन चीड म्हणजे पाइन वाढत होते. बांजाखालची जमीन पाणी धरून ठेवते. चिडाखाली ती कोरडी पडते आणि पावसात माती वाहून जाते. हे त्यांनी चिपको आंदोलनाच्या वीस वर्षे आधी लिहून ठेवले. ज्या बाईने मातीच्या भिंती उभारल्या, तिलाच डोंगराची माती निसटताना दिसावी यात मला नवल वाटत नाही.

जानेवारी १९५९ मध्ये त्यांनी भारत सोडला. काही काळाने त्या ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळच्या खेड्यात राहिल्या आणि तरुणपणीच्या बीथोव्हनकडे पुन्हा वळल्या. २० जुलै १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस रिचर्ड ॲटनबरो यांचा गांधी चित्रपट आला आणि मीराबेनचे नाव जगभर पोहोचले. तो पाहायला त्या राहिल्या नाहीत. त्या का गेल्या, यावर पुष्कळ तर्क झाले आहेत. मला इतकेच दिसते की, ज्या खेड्यासाठी त्या आल्या, त्याकडे स्वतंत्र देशाची पाठ फिरत चालली होती. नवी धरणे आणि नवे कारखाने हे त्या काळाचे स्वप्न होते. त्यांत त्यांच्या मातीच्या घरांना जागा नव्हती.

आमच्या सोलापूरला गांधीयुगाची ओळख करून द्यावी लागत नाही. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर हे शहर पेटले, येथे मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी आमचे चार हुतात्मे येरवड्याला फासावर गेले. त्यांचे पुतळे आम्ही रोज पाहतो. पण पुतळा एकदा उभारला की पाहणाऱ्याचे काम संपते. बापूकुटीचे तसे नाही. ती आज दिसते, कारण दरवर्षी कोणीतरी तिच्या भिंतींना लिंपण करते, फुटलेली कौले बदलते, पावसाचे झाप बांधते. मीराबेन गेल्या, गांधीजी गेले आणि तरीही त्या भिंतीवरची ताडाची झाडे उभी आहेत, ती अशा हातांमुळे.

आजोळच्या घराचे आता घरकुल होणार आहे. मंजुरीही आली आहे. सर्वांनी पुन्हा मातीच्या घरात जावे असे मी म्हणत नाही. आजीला तर मुळीच म्हणणार नाही. पण मागची एक खोली पाडू नये, तिच्यावर पत्र्याऐवजी कौले घालावीत आणि लिंपणाला दरवर्षी आम्ही मुलामुलींनी मिळून जावे, एवढे मी घरात बोलून दाखविले आहे. आजोबा अजून हो म्हणालेले नाहीत. मामांनी मात्र एवढे विचारले आहे की, पहिल्या वर्षी चिखल तुडवायला कोण कोण येणार, त्यांची नावे आधी लिहून दे.