चाळीतून कायदेमंडळात

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे आपल्या चिटणीसबाईंनी मला सांगितले. मी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव घेतले. घटनेचे शिल्पकार म्हणून ते सर्वांस ठाऊक आहेत. पण मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात त्यांनी आपल्यासारख्यांसाठी काय मागितले, ते मला भगिनींना सांगावयाचे आहे.

त्याला कारण घरचेच. माझ्या आजेसासूबाई परळच्या एका गिरणीत कामाला होत्या. पहिल्या बाळंतपणात बाराव्या दिवशी, बारशाचा पाळणा तसाच सोडून, त्या गिरणीत हजर झाल्या. खाडा झाला की जागा गेली, अशी धास्ती. सासूबाई हे सांगताना नेहमी पदर डोळ्यांस लावीत.

बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महू येथे झाला. शाळेत त्यांना इतर मुलांपासून दूर बसावे लागे. पाण्याच्या भांड्याला हात लावण्याची मुभा नव्हती. पुढे अमेरिका व इंग्लंड येथे त्यांनी मोठ्या पदव्या मिळविल्या, तरी संसार परळच्या पोयबावडीत, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतील दोन खोल्यांतच होता. रमाबाईंनी तो काटकसरीने चालविला. त्यांच्या पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली. शेवटचा राजरत्न १९२६ साली गेला.

दुसऱ्याच वर्षी बाबासाहेब सरकारनियुक्त सभासद म्हणून कौन्सिलात गेले. प्राथमिक शाळेत गेलेल्या शंभर मुलांपैकी जेमतेम १८ चौथीपर्यंत पोहोचतात, हे त्यांनी सरकारच्या नजरेस आणले आणि शिक्षणावर अधिक खर्च मागितला. १९२८ साली गिरणीकामगार स्त्रियांना बाळंतपणाच्या रजेत भत्ता देणारे बिल आले, तेव्हा त्यांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळण्यात साऱ्या देशाचे हित आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली तो कायदा झाला. माझ्या आजेसासूबाईंचे पहिले बाळंतपण त्याच्या आधीचे. धाकट्या मुलाच्या वेळी मात्र त्या घरी राहिल्या. सायमन कमिशनपुढेही बाबासाहेबांनी प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास मताचा हक्क मागितला.

१९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला व १९३७ ची निवडणूक मुंबई शहरातून लढविली. पक्षाच्या जाहीरनाम्यात मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण, प्रौढशिक्षण, कामगारांना परवडतील अशी आरोग्यदायक घरे, कामाच्या तासांची मर्यादा, पगारी रजा आणि कुळांचे संरक्षण ही कलमे होती. चाळीतल्या खोलीत ज्याने वर्षे काढली, त्याला घराचा प्रश्न कागदावरून समजून घ्यावा लागला नाही. ते निवडून आले.

निवडून आल्यावर ते जाहीरनामा विसरले नाहीत. त्याच वर्षी कोकणातील खोती नष्ट करण्याचे बिल त्यांनी मांडले आणि १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. त्यांचे बिल त्या वेळी मंजूर झाले नाही. खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली आला. शाळांचे काम मात्र त्यांनी सरकारवर सोपवून ठेवले नाही. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन करून पुढच्याच वर्षी सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. १९५० च्या घटनेने प्रत्येक प्रौढ स्त्रीला मत दिले. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

भगिनींनो, निवडणूक आली की उमेदवार हात जोडून आपल्या उंबऱ्याशी येतात, आणि हळदीकुंकवाच्या वाणाइतक्याच सहजपणे आपण मत देऊन टाकतो. यापुढे मी तरी त्यांना बसवून घेऊन, वस्तीतील मुलींची शाळा मध्येच का सुटते आणि भाड्याच्या घरातून अचानक बाहेर काढलेल्या बाईने दाद कोठे मागावी, एवढे विचारणार आहे. आपल्यापैकी ज्यांना पटेल त्यांनी माझ्या शेजारी येऊन बसावे.