खंजिरीभोवती जमलेले गाव

व्यसन एकाचे असले, तरी ते सोडवायला चार माणसे लागतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी हे गावोगावी दाखवून दिले.

१९०९ मध्ये अमरावती जिल्ह्यातील यावलीत, गरीब घरात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव माणिक. आडकोजी महाराजांच्या सहवासात ते तुकड्या झाले. तरुणपणी चिमूर परिसरात, गोंदोड्याच्या जंगलात त्यांनी साधना केली. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. १९४२ च्या चिमूर क्रांतीत त्यांच्या भजनांनी लोक पेटून उठले. महाराजांना तुरुंगवास घडला.

त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेला जात-धर्म न पाहता गाव एकत्र बसे. खंजिरीच्या तालावर ते दारू, अंधश्रद्धा, अस्वच्छता यांवर कोरडे ओढत. घरात लपवलेले दुःख त्यामुळे चारचौघांत बोलण्याजोगे होई.

आजचे समुपदेशनही याच वाटेने जाते. समूहोपचारात दारू सोडलेला माणूस नव्याने आलेल्याला धीर देतो. कौटुंबिक समुपदेशनात पत्नी, आईवडील, मुले यांनाही सोबत बसवतात, कारण पिणाऱ्यासोबत सारे घर आजारी पडलेले असते.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांचे निधन झाले. पुढे गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली, २०२१ मध्ये उठली. कायदा असो वा नसो, रुग्ण घरातच असतो. दारू थांबवल्यावर थरथर, झटके किंवा भ्रम दिसल्यास त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे. पुढील भेटींना मात्र घरच्यांनीही सोबत यावे.