दादासाहेब फाळके

दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. ते जादूचे खेळ करायचे. तेव्हा फाळके उलटे करून केळफा असे नाव लावायचे. मी माझे नाव उलटे केले, पण ते बरे लागत नाही. फ्रान्स देशात मेलिएस नावाचे जादूगारही असेच सिनेमे करू लागले होते.

मुंबईला गिरगावात दादासाहेबांनी येशू ख्रिस्ताचा सिनेमा पाहिला. मग आपले राम-कृष्ण पण पडद्यावर दिसावेत असे त्यांना वाटले. रात्रंदिवस सिनेमे बघून त्यांचे डोळे बिघडले, काही दिवस दिसेनासेच झाले. तरी त्यांनी नाद सोडला नाही. १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणला. पण पैसे कोण देणार? म्हणून त्यांनी वाटाणा पेरून रोज थोडे थोडे चित्र घेतले. पडद्यावर वाटाणा भराभर उगवला! मी पण करवंटीत वाटाणा पेरून समोर बसलो होतो, मला काहीच हललेले दिसले नाही.

त्यांच्या बायकोने, सरस्वतीबाईंनी, दागिने दिले. मग दादरला राजा हरिश्चंद्र सिनेमा झाला. बायका काम करायला येईनात, म्हणून साळुंके नावाचा आचारी तारामती झाला. सरस्वतीबाई सगळ्यांचा स्वयंपाक करायच्या आणि फिल्मला भोकेही पाडायच्या. ३ मे १९१३ रोजी सिनेमा गिरगावात लागला.

दादासाहेब १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला वारले.

मी आईला विचारले, तू दागिने दिले असतेस का? आई नुसती हसली. तिच्याकडे डोरलेच आहे.