सर वॉल्टर रॅले

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन नावाचा परगणा आहे. सोळाव्या शतकात तेथून अनेक धाडसी दर्यावर्दी सफरीस निघत. त्याच परगण्यात, त्या शतकाच्या मध्यास, वॉल्टर रॅले जन्मला.

तरुणपणी तो एलिझाबेथ राणीच्या दरबारी आला. राणीचे पाय चिखलाने मळू नयेत म्हणून त्याने आपला उंची झगा वाटेवर अंथरला, अशी गोष्ट सांगतात. ती त्याच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी लिहिली गेली. तेव्हा तिच्यावर फारसे विसंबू नये. राणीची मर्जी त्याच्यावर बसली, हे मात्र खरे. १५८५ साली त्याला 'सर' हा किताब मिळाला आणि पुढे तो तिच्या अंगरक्षकांचा नायक झाला.

परंतु ती मर्जी म्हणजे सोन्याचा पिंजराच होता. रॅलेच्या पैशाने जहाजे दूरदेशी जात, तो स्वतः मात्र दरबारात अडकून पडे. पुढे त्याने राणीच्या एका सखीशी गुप्तपणे विवाह केला. राणीची मर्जी खप्पा झाली आणि १५९२ साली पतिपत्नींना लंडनच्या किल्ल्यात कैद घडली.

सुटकेनंतर, १५९५ साली, तो सोन्याच्या नगरीच्या शोधार्थ दक्षिण अमेरिकेस गेला. ओरिनोको नदीतून लहान होड्यांनी, ऊनपावसात, तो कित्येक कोस आत शिरला. नगरी सापडली नाही. तिचा ध्यास मात्र सुटला नाही.

१६०३ साली राणी वारली. नवा राजा जेम्स याला स्पेनशी सख्य हवे होते. रॅलेवर राजद्रोहाचा आरोप येऊन त्याला देहान्ताची शिक्षा झाली. ती ऐनवेळी तहकूब झाली, पण रद्द झाली नाही. तेरा वर्षे तो बंदिवासात होता. तेथेच त्याने जगाचा इतिहास लिहिला.

१६१६ साली, सोने आणून देण्याच्या वचनावर राजाने त्याला मोकळे केले. स्पेनच्या प्रजेस धक्का लावावयाचा नाही, अशी अट होती. दुसऱ्या वर्षी 'डेस्टिनी' जहाजातून तो निघाला. वादळांनी व तापाच्या साथीने ताफा खिळखिळा झाला. कित्येक खलाशी दगावले. रॅले स्वतः अंथरुणास खिळला. म्हणून तो त्रिनिदादजवळ थांबला व एक तुकडी त्याने नदीतून पुढे पाठविली. तीत त्याचा तरुण मुलगाही होता. सान थोमे या गावी स्पॅनिश लोकांशी लढाई जुंपली, आणि १६१८ च्या जानेवारीत तो मुलगा तेथे ठार झाला. वचन दिलेले सोने मात्र हाती आले नाही.

अट मोडली होती. तरीही रॅले इंग्लंडला परतला. स्पेनच्या वकिलाने राजाकडे न्याय मागितला, आणि पंधरा वर्षांपूर्वीची ती शिक्षा २९ ऑक्टोबर १६१८ रोजी अमलात आली. त्या सकाळी रॅलेच्या अंगात हिवताप होता. थंडीने अंग कापू लागले, तर तो भ्याला असे शत्रूंना वाटेल; म्हणून त्याने विलंब न करण्याची विनंती केली आणि कुऱ्हाडीची धार स्वतःच्या बोटाने पाहिली.